पत्रा हॅनोव्हरचा, लाकूड सिडमथचं

माझ्या फोक्सवॅगन व्हॅनच्या पुढच्या आसनामागे पत्र्यावर एक लहानशी धातूची पट्टी आहे. तिच्यावर आकडेच आकडे. गाडी कधी तयार झाली, रंग कोणता, इंजिन कुठलं, कोणत्या देशात जायची, हे सगळं त्या आकड्यांत आहे. १९७१ साली हॅनोव्हरच्या कारखान्यातून ती इंग्लंडसाठी निघाली, एवढं त्यावरून पक्कं कळतं. पलंग, शेगडी, कपाट, पाण्याची टाकी यांतलं काहीच त्या पट्टीवर नाही, कारण कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात यांतलं काहीच नव्हतं. मागे नुसता रिकामा डबा होता. घर त्यात नंतर आलं, डेव्हन परगण्यातल्या सिडमथ गावी, सुतारांच्या हातून.

मी एक्सेटरजवळ राहते, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि घराच्या बाजूच्या शेडमध्ये ही गाडी दुरुस्त करते. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "मूळ रूपात आणणार ना?" या गाडीचं मूळ रूप कोणतं, याचं उत्तर तिच्या इतिहासातच शोधावं लागतं.

सुरुवात झाली ती ओझ्यापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता आणि मेजर आयव्हन हर्स्ट तो चालवत होते. कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे न्यायला वाहनं नव्हती, म्हणून त्यांनी बीटल मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट फळी बसवून घेतली. चालक अगदी मागे, इंजिनाच्या डोक्यावर, आणि पुढे सगळी मालाची जागा. नेदरलँड्सचे गाड्यांचे व्यापारी बेन पॉन तिथे आले असता त्यांनी हे वाहन पाहिलं. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी आपल्या वहीत एक आकृती काढली: चालक पुढे, इंजिन मागे, मधे डबा, ओझं ७५० किलो. ती वही आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आकृती शाळकरी मुलानं काढावी इतकी साधी आहे. पण तिच्यात भौतिकशास्त्र पक्कं आहे. चालकाचं वजन पुढच्या चाकांवर, इंजिनाचं मागच्या चाकांवर आणि माल बरोबर मधे, त्यामुळे गाडी भरलेली असो वा रिकामी, तोल फारसा ढळत नाही.

१९४८ मध्ये हाइन्झ नॉर्डहोफ कारखान्याचे प्रमुख झाले आणि कागदावरचं काम पत्र्यावर आलं. पहिला नमुना बीटलच्याच तळावर उभा केला होता. चाचणीत तो ओझ्यानं वाकला. मग तळाखाली लांबीला दोन दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे पोकळ बीम घालून सगळी बॉडी एकसंध केली. ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती तपासली, तेव्हा चौकोनी नाकाऐवजी गोलसर नाक दिलं की हवेच्या विरोधाचा गुणांक ०.७५ वरून ०.४४ वर येतो, असं दिसलं. आज ज्या गोंडस चेहऱ्यावर लोक भाळतात तो चेहरा आला तो असा. ८ मार्च १९५० रोजी उत्पादन सुरू झालं. इंजिन ११३१ सीसीचं, ताकद २५ अश्वशक्ती. बेकरीवाले, रंगारी, दूधवाले, टपाल खातं, रुग्णवाहिका: युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीला पुन्हा उभं राहायला नेमकी अशीच गाडी हवी होती. मागणी इतकी वाढली की १९५६ मध्ये तिच्यासाठी हॅनोव्हरला वेगळा कारखाना उघडावा लागला.

इथे मला आप्पांची आठवण येते. माझे वडील इचलकरंजीत मॅटॅडोरवर सुताची बाचकी वाहत. ती आकुर्डीला बनलेली, बजाज टेम्पोची. तिचं घराणं हँबुर्गचं, विडाल अँड सोन कंपनीच्या टेम्पो कारखान्याचं. त्या कारखान्यानं १९४९ मध्ये आणलेल्या पहिल्या मॅटॅडोरमध्ये इंजिन होतं फोक्सवॅगनचं, तेच २५ अश्वशक्तीचं. काही वर्षांत फोक्सवॅगननं ते देणं थांबवलं, कारण आता त्यांची स्वतःची व्हॅन बाजारात होती. म्हणजे आप्पांची मॅटॅडोर आणि माझी ही गाडी एकाच जर्मन गरजेपोटी जन्मलेल्या, एकाच बाजारात भांडलेल्या. आप्पा दर रविवारी दारात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरत. पाना हातात कसा धरायचा, नट आधी हातानं दोन आटे फिरवल्याशिवाय पाना लावायचा नाही, हे मी तिथे शिकले. इंग्लंडमध्ये मला जे उपयोगी पडलं त्यातलं निम्मं शिक्षण त्या अंगणातलं आहे.

या मालवाहू गाडीत घर कसं आलं? रेडा-वीडनब्रुक गावात वेस्टफालिया नावाची, १८४४ पासूनची गाड्या बांधणारी कंपनी होती. जर्मनीत तैनात असलेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्यानं त्यांच्याकडून व्हॅनच्या आत राहण्याची सोय करून घेतली, असं सांगितलं जातं. १९५१ मध्ये कंपनीनं 'कॅम्पिंग बॉक्स' बाजारात आणला. हे एक सुटं लाकडी सामान होतं. सोमवार ते शुक्रवार व्हॅनमधून माल वाहायचा, शनिवारी बॉक्स आत चढवायचा आणि कुटुंबासह निघायचं. एकच गाडी परवडणाऱ्या माणसासाठी केलेली ही योजना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. चैनीची वस्तू म्हणून कॅम्परकडे आज पाहिलं जातं. तिचा जन्म मात्र काटकसरीतून झाला.

इंग्लंडमध्ये हेच काम सिडमथच्या जे. पी. व्हाइट यांच्या कंपनीनं १९५६ च्या सुमारास सुरू केलं. हे मुळात बांधकामाच्या धंद्यातले लोक. घरं बांधणाऱ्या सुतारांनी गाडीत फळ्या बसवल्या, आणि गाड्यांना परगण्याचंच नाव मिळालं, डेव्हन. एसेक्समध्ये डॅनबरी, फोकस्टनमध्ये मार्टिन वॉल्टर यांची डॉर्मोबिल, असे इतरही कारखाने होते. काळ अनुकूल होता. १९३८ च्या कायद्यानं कामगारांच्या पगारी सुट्टीला बळ मिळालं होतं, १९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग उठलं होतं, पण हॉटेलात आठवडाभर राहणं अजूनही सगळ्यांच्या आवाक्यात नव्हतं. त्यात मोटारीवर जबर खरेदी कर होता, आणि राहण्याची सोय पक्की बसवलेल्या गाडीला तो लागत नसे. एका शेगडीनं आणि एका पलंगानं गाडी पुष्कळ स्वस्त होई. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. माझी गाडी त्या सवलतीच्या शेवटच्या वर्षांतली.

अमेरिकेतला इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो, फुलं रंगवलेल्या व्हॅन वगैरे. त्यात मी फार रमत नाही. तिथली एक गोष्ट मात्र महत्त्वाची. १९६९ मध्ये जॉन म्यूर नावाच्या इंजिनिअरनं न्यू मेक्सिकोतून फोक्सवॅगन दुरुस्तीचं एक पुस्तक काढलं. ज्याला यंत्रातलं काहीच कळत नाही त्याला समोर बसवून शिकवावं अशा भाषेत ते लिहिलेलं होतं, आणि पीटर अशवांडेन यांची चित्रं त्यात होती. ते प्रचंड खपलं. हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उघडलं ते त्या पुस्तकाच्या भरवशावर. ही गाडी आज इतक्या संख्येनं जिवंत आहे याचं मोठं श्रेय मी अशा लोकांना देते. कारखान्याबाहेरच्या माणसानं उघडावी अशीच ती होती. इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टनं धरलेलं. वायरी, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल सोडवली आणि खाली जॅक घेतला की ते मागे ओढून काढता येतं. माझ्या गाडीत तर मागचा खालचा पत्राही स्क्रू काढून वेगळा होतो. नंतरच्या मॉडेलमध्ये तो पक्का जोडला गेला.

इंजिन सोपं आहे. खरी लढाई पत्र्याशी असते. बीम, दाराखालचे पोकळ उंबरठे, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा तळ, पुढच्या काचेच्या खालचे कोपरे, छपराची पन्हळ: गंज ठरलेल्या ठिकाणीच लागतो. याचं कारण बांधणीतच आहे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगनं टाचले की मधल्या फटीत रंग पोहोचत नाही, पाणी मात्र पोहोचतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलासकट पोकळीत जाऊन बसतं आणि आतून पत्रा खातं. बाहेरून रंगाला एक फोड दिसतो. टोचणी लावली की बोटभर भोक पडतं.

माझ्या गाडीच्या डाव्या उंबरठ्यावर मला एकावर एक चढवलेले पत्रे सापडले. कुणीतरी गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा झाकला होता, त्यावर पुढच्या मालकानं लांबी भरून रंग मारला होता. तेव्हाचे लोक वार्षिक तपासणी पार पडावी एवढंच बघत. त्यांना दोष देववत नाही, तेव्हा ही एक जुनी व्हॅन होती. पण त्या थरांखाली ओल दबून राहिली आणि आतला बीमही गेला. तिथे सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत मागे जाण्याला पर्याय नसतो. कापण्याआधी दाराच्या चौकटींत लोखंडी टेकू वेल्ड करून घ्यायचे, जुन्या वाड्याची तुळई बदलताना देतात तसे, नाहीतर बॉडी पिळवटते आणि सरकतं दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. बॅटरी सोडवायची, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवायची, मगच मिग वेल्डिंगला हात घालायचा. एक मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यावर सलग टाका मारला तर उष्णतेनं तो वाकतो, म्हणून इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मधे थंड होऊ द्यायचं. शेवटी सांध्यांत सीलर, झिंकचा प्रायमर, रंग आणि पोकळ्यांत आतून फवारलेलं मेण. हे मेण म्हणजे कारखान्यात राहिलेली कसर भरून काढणं आहे.

लाकडाच्या बाबतीत मात्र माझं धोरण वेगळं आहे. सिडमथच्या कपाटांचा प्लायवूड काही ठिकाणी फुगला होता, तेवढाच बदलला. मागच्या दाराजवळ पूर्वीच्या कुण्या मालकानं स्वतः केलेली एक मांडणी आहे, काठाला पट्टी मारलेली, वळणावर बरण्या पडू नयेत म्हणून. ती डेव्हनच्या माहितीपत्रकात नाही. ती काढून टाका, असं मला जाणकारांनी सांगितलं. मी ठेवली. कारखान्यानं डबा दिला, सिडमथनं घर दिलं, त्या माणसानं मांडणी दिली. या गाडीचा मूळ स्वभावच असा आहे की ती राहणाऱ्याच्या हातानं पुरी होते. पत्र्यात तडजोड करायची नाही, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. लाकडात आधीच्यांचा हात पुसायचा नाही.

सुटे भाग अजून मिळतात याला ब्राझील कारणीभूत आहे. जर्मनीत माझ्या गाडीच्या पिढीचं उत्पादन १९७९ मध्ये थांबलं. साओ पाउलोजवळच्या साओ बेर्नार्दो दो काम्पो इथे मात्र १९५७ मध्ये सुरू झालेली 'कोंबी' (या व्हॅनचं तिथलं नाव) २०१३ च्या अखेरीपर्यंत बनत राहिली. २०१४ पासून तिथे एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले. या जुन्या बांधणीत ते बसवणं शक्य नव्हतं, म्हणून ती थांबली. तोवर तिथे ती फुलांची सजावट नव्हती, भाजी आणि सिमेंट वाहणारी कामकरी गाडी होती, अगदी बेन पॉनच्या वहीतली.

आता नित्याची निगा. इंजिन हवेवर थंड होणारं, १६०० सीसी, ५० अश्वशक्तीचं. त्यात अडीच लिटर ऑइल मावतं आणि फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, म्हणून दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलायचंच. त्याच वेळी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट ०.१५ मिलिमीटरवर आणायचे. तिसऱ्या सिलिंडरचे आधी तपासायचे. पूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असे आणि तो सिलिंडर जास्त तापे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला, तरी जुन्या मेकॅनिकांची सवय मी मोडलेली नाही. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी बिनकामाची समजून काढून टाकणारे लोक भेटतात. ती पट्टी खालची गरम हवा पुन्हा पंख्यात जाऊ देत नाही. तिच्याशिवाय चढावर इंजिन भाजतं.

सर्वांत मोठा धोका पेट्रोलच्या रबरी नळ्यांचा. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं चिरतं, थेंब तापलेल्या इंजिनावर पडतो आणि गाडी जळते. या गाड्यांचा शेवट पुष्कळदा असाच झालेला आहे. मी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या आहेत आणि त्याही वेळेआधीच बदलते.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरी मी दर वसंतात गाडी तपासणीला नेते. लिफ्टवर चढल्यावर खालून बीम दिसतात, ब्रेकच्या नळ्या दिसतात, आणि माझ्या वेल्डिंगवर परका माणूस हातोडीनं ठोकून बघतो. त्यानं यंदा उजव्या मागच्या कमानीवर खडूनं एक गोल करून दिला आहे. पत्रा मागवला आहे, पाऊस थांबला की तिथे कापायचं आहे.