चीज, वाइन आणि वर्गणीचं जेवण

कमी खर्चात चीज-वाइनची बैठक कशी करायची, असं शाहूपुरीत कुणी विचारलं तर आधी हसू येईल. तेवढ्या पैशात मटण आणा, रश्शाला पाणी वाढवा, पंधरा माणसं जेवतील, असं सांगणारे चारजण लगेच भेटतील. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या प्रबंधाचा विषय 'वर्गणीची जेवणं' हा आहे. म्हणजे चारजण मिळून पैसे काढतात आणि एकत्र बसून खातात, अशा बैठकी कुठून आल्या आणि कुणी रुजवल्या. त्यात चीज-वाइनची बैठक अगदी चपखल बसते, कारण तिचा जन्मच काटकसरीतून झालाय.

आपल्याला वाटतं, हे मोठ्या लोकांचं प्रकरण. इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथं चीजवर रेशन होतं. सगळ्यात वाईट दिवसांत माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, एवढंच मिळायचं. दूध वाया जाऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचं चेडर करायला लावलं. लोक त्याला 'सरकारी चेडर' म्हणत. गावोगावचे वेगवेगळे प्रकार त्यात जवळपास बुडाले. १९५४ मध्ये रेशन उठलं, आणि आता उलटाच प्रश्न आला: दूध भरपूर, चीज खायची सवय मात्र गेलेली. मग चीजवाल्यांच्या प्रचार मंडळानं पबमधून पाव, चीज आणि लोणचं असं ताट पुढं आणलं आणि त्याला 'नांगरटवाल्याचं जेवण' असं नाव चिकटवलं. पाव-चीज शेतकरी आधीही खात होते, पण हे नाव आणि हे ताट देशभर पोचलं ते १९५० आणि ६० च्या दशकांतल्या जाहिरातीमुळं.

घरगुती चीज-वाइन पार्टी त्याच सुमाराची. घरात नोकर राहिले नव्हते, फ्लॅट लहान होते, बायका कामाला जाऊ लागल्या होत्या. सूप-मासा-मटण असं पाच वाढपांचं जेवण कोण रांधणार? चीजला चूल लागत नाही. पाव कापायचा, द्राक्षं ठेवायची, पाहुण्यानं येताना एक बाटली आणायची. झाली पार्टी. म्हणजे आपण जिला श्रीमंती समजतो ती खरं तर मध्यमवर्गाची पळवाट होती.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर याहून भारी. वितळलेल्या चीजमध्ये वाइन घालून पाव बुडवून खायचा, तो फोंड्यू. डोंगरातल्या गुराख्यांचं हे प्राचीन अन्न, अशी गोष्ट सगळीकडं सांगतात. पण चीज वाइनमध्ये शिजवायची एक जुनी लेखी कृती सापडते ती १६९९ ची, झुरिक शहरातली. आणि फोंड्यूला 'राष्ट्रीय पदार्थ' केलं ते स्विस चीज युनियननं, १९३० नंतर. चीजचे भाव आणि उत्पादन ठरवणारी ही संघटना होती, आणि तिच्याकडं चीज पडून होतं. एका भांड्याभोवती सगळ्यांनी बसायचं, ही कल्पना माल खपवायला फार सोयीची.

या सगळ्यात मला एक साधा हिशोब दिसतो. वर्गणीच्या प्रत्येक जेवणात एक महाग वस्तू असते आणि एक तिला 'वाढवणारी' वस्तू असते. फोंड्यूत चीज महाग, पाव वाढवणारा. इंग्लिश पार्टीत बिस्किटं आणि द्राक्षं वाढवणारी. कोल्हापुरातल्या रस्सा मंडळात मटण महाग, तांबडा-पांढरा रस्सा वाढवणारा. मटणाचे तुकडे मोजून, रस्सा मात्र हवा तेवढा. पाच किलो मटणात किती माणसं बसतात, हे मटणावर नाही, रस्सा करणाऱ्याच्या हातावर ठरतं. कोल्हापूरकराला हे सांगायला माझ्या प्रबंधाची गरज नाही म्हणा.

आणि जादा मालाचं म्हणाल तर शाहूपुरी स्वतःच त्यावर उभी आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. दूध म्हणाल तर गंगावेशीतला दूध कट्टा आहेच. म्हैस समोर उभी, धार काढून ग्लास हातात. कमी पैशात चारचौघांत उभं राहून गप्पा मारायची ही आपली जागा. चीज नाही, पण दूध तेच. भारतात अमूलनं म्हशीच्या दुधाचं चीज करून दाखवलं. त्याचं डब्यातलं प्रोसेस्ड चीज आपल्याकडं रुळलं, कारण ते आपल्या उन्हाळ्यात टिकतं. मुरवलेल्या चीजला थंड खोली लागते. शिवाय दूध विरजायला पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट वापरत, ते शाकाहारी घरात चालणार कसं? आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट सर्रास वापरतात, पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तरी पाहुणे बोलावताना तो ठिपका बघाच.

वाइनची गोष्ट जरा वाकडी आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा लागू झाला. पुढं बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. प्यायला परवाना लागतो ही अट आजही कागदावर आहे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्र आणून फेसाळती वाइन केली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. नाशिककडं विंचूर आणि आपल्या बाजूला सांगली जिल्ह्यात पलूस, इथं वाइन पार्क काढले. नाशिक धावलं. पलूसला तसा जोर धरला नाही. तासगावची थॉम्पसन किंवा सोनाका ही खायची आणि बेदाण्याची द्राक्षं. वाइनला शिराझ, शेनिन असल्या वेगळ्या जाती लावाव्या लागतात. ज्याचा बेदाणा खपतोय तो शेतकरी बाग उपटून शिराझ कशाला लावेल?

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा द्यायचं ठरवलं, तेव्हा सरकारचा मुख्य मुद्दा द्राक्ष उत्पादकांचा फायदा हाच होता. स्विस चीज युनियनचीच भाषा. विरोध झाला, अण्णा हजारे उपोषणाची भाषा बोलले, निर्णय तसाच राहिला. मला विरोधकांची भीती पोकळ वाटत नाही. दारूनं मोडलेली घरं आपल्या गल्लीतही आहेत. पण 'वाइन म्हणजे शेतकरी हित' आणि 'वाइन म्हणजे संस्कृतीचा नाश' या दोन्ही आरोळ्यांत एक प्रश्न राहून जातो: त्या बैठकीत बसणार कोण?

कोल्हापुरात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारून झालाय, आणि तोही बाजारानं आणलेल्या पेयावरच. १९०३ पासून चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार चालला होता. चहासुद्धा मुद्दाम खपवलेला मालच. त्याच चहाचं दुकान गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं काढलं, 'सत्यसुधारक' नावानं. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेला हा माणूस. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे, बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावायचे. कप स्वस्त होता म्हणूनच हे रोज करता आलं. राजवाड्यातल्या पंगतीतून ते झालं नसतं.

म्हणून वर्गणी काढताना मी आकडा सगळ्यात गरीब मित्राला झेपेल असा धरते. आठजण असतील तर: ७५० मिलीच्या बाटलीत पाच पेले निघतात, पिणारे पाच आणि प्रत्येकी दोन पेले धरले की दोन बाटल्या बास. न पिणाऱ्या तिघांना कोकम, आणि त्यांच्या वर्गणीतून बाटलीचे पैसे वजा. चीज माणशी ५० ग्रॅम, दोनच प्रकार. वाढवायला खपलीची भाकरी भाजून तुकडे, भाजलेले शेंगदाणे, तासगावचा बेदाणा, आणि खारट चीजवर थेंबभर काकवी, जी इथं गुऱ्हाळावर मिळते. चीज खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढावं असं पुस्तकात लिहितात. एप्रिलमधल्या कोल्हापुरात दहा मिनिटं पुरे. रेड वाइनसुद्धा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, 'खोलीचं तापमान' म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं. आणि भांडी कुणी घासायची ते आधी ठरवा, नाहीतर ती घरमालकिणीच्या नाहीतर बैठकीतल्या मुलींच्याच वाट्याला येतात.