वीजखंड-सूचक

वीजखंड-सूचक : घरातील एखाद्या उपकरणाचा वीजपुरवठा बंद पडताच आवाजाने, दिव्याने किंवा दूरसंदेशाने त्याची वर्दी देणारी लहानशी योजना. फ्रिजमध्ये २° ते ८° से. तापमानात जपलेले इन्सुलिन, मत्स्यपात्रातील हवेचा पंप किंवा रुग्णाच्या उशाशी चालणारे प्राणवायुयंत्र यांचा पुरवठा तुटल्याचे वेळीच कळणे ही सोयीची नव्हे, तर जिवाची बाब असते. ज्या घरी इन्व्हर्टर आहे तेथे दिवे व पंखे चालूच राहतात, आणि त्याच्या इलाख्याबाहेर असलेला फ्रिज मात्र निमूटपणे बंद पडतो. अशा घरास या सूचकाची गरज विशेषच असते.

तत्त्व : इतर घंटा विद्युत् प्रवाह आला म्हणजे वाजतात, हा सूचक प्रवाह गेला म्हणजे वाजला पाहिजे. आपल्या काही दर्शनकारांनी ‘अभाव’ हाही स्वतंत्र पदार्थ मानला. त्या अभावाचीच येथे वार्ता द्यावयाची असते. यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास योजलेला रिले उपयोगी पडतो. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहत असेतो विद्युत् चुंबक लोखंडी पट्टी ओढून धरतो व प्रवाह थांबताच स्प्रिंग ती मागे नेते. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रेल्वेच्या रुळांसाठी सिद्ध केलेली संवृत मंडलाची पद्धतीही याच विचारावर उभी आहे : गाडी आली, रूळ तुटला किंवा घटमाला संपली, तरी प्रत्येक प्रसंगी रिले सुटतो आणि सिग्नल धोक्याचाच इशारा देतो.

रचना : मोबाइलचा ५ व्होल्टचा जुना पण सुस्थितीतील चार्जर, ५ व्होल्टचा रिले, ९ व्होल्टची बॅटरी, त्याच दाबाचा बझर आणि एक खटका एवढे साहित्य पुरते. चार्जरच्या तारा रिलेच्या वेटोळ्यास जोडून त्यास समांतर एक डायोड उलट दिशेने बसवितात. बॅटरी, खटका व बझर यांचे मंडल रिलेच्या अशा स्पर्शकांतून नेतात की जे वेटोळे निष्प्रवाह असताना मिटलेले असतात. पुरवठा चालू असता बॅटरी खर्ची पडत नाही. तो खंडित होताच स्पर्शक मिटून बझर वाजू लागतो. घरातील २३० व्होल्टचा घातक दाब चार्जरच्या बंद कवचातच राहतो, हा या रचनेचा मोठा गुण होय. वेटोळे सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह घेते, म्हणजे त्याच्यापुरता खर्च महिन्याला पाव युनिटाच्या आसपास येतो.

स्थान : चार्जर इन्व्हर्टरच्या मंडलावर लावल्यास सारी योजना व्यर्थ ठरते. तो संरक्षित उपकरणाच्याच मंडलावर असावा, म्हणजे गावाची वीज जाण्याबरोबरच केवळ त्या मंडलाचा एम.सी.बी. पडला, तरीही खबर मिळते. सूचना मिळाल्यावर घाबरून फ्रिज उघडू नये; दार मिटलेले राहिल्यास आतील अन्न सुमारे ४ तास, तर भरलेल्या फ्रीझरमधील सुमारे ४८ तास सुरक्षित राहते. वीजपुरवठ्याची तक्रार १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर नोंदविता येते.

मर्यादा व दक्षता : दाब बराच उतरला तरी रिले पट्टी धरून ठेवतो, त्यामुळे कमी दाबाची वर्दी या सूचकाकडून मिळत नाही, कॉम्प्रेसर बिघडल्याचेही त्यास कळत नाही, त्यासाठी तापमान-सूचकाची वेगळी तजवीज करावी लागते. याहून महत्त्वाची उणीव अशी की बॅटरी जुनी होऊन निकामी झाली, तर सूचक गप्प राहतो, आणि त्याचे ते मौन पुरवठा सुरळीत असल्याच्या मौनाहून वेगळे ओळखता येत नाही. घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी केलेल्या योजनांत हा दोष टाळता येतो : घरातील यंत्र ठराविक मुदतीने बाहेरच्या संगणकास संदेश पाठविते, आणि तो संदेश चुकला की संगणकच घरमालकास कळवितो, मग वीज गेली असो वा यंत्र बिघडले असो, मौन हाच इशारा ठरतो. साध्या सूचकाच्या बाबतीत मात्र हे काम माणसालाच करावे लागते. दर आठवड्यास चार्जर उपसून बझर वाजतो की नाही हे पाहावे आणि वर्षातून एकदा बॅटरी बदलावी; या नेमाला सूचकाचाच एक भाग मानणे इष्ट होय.