हृदयरोगाच्या निदानात सीटी स्कॅनचे वाढते महत्त्व

रत्नागिरी : चढण चढताना छातीत दाटून येते, विश्रांती घेतली की बरे वाटते; ईसीजीत मात्र दोष आढळत नाही. अशा रुग्णाला पूर्वी बहुधा थेट अँजिओग्राफीचा सल्ला मिळे. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांसाठी त्याचा अर्थ आंबा घाट ओलांडून कोल्हापूर किंवा कोकण रेल्वेने मुंबई गाठणे असा होई. एवढा प्रवास व खर्च करून रक्तवाहिन्या निर्दोष असल्याचे कळणाऱ्यांची संख्याही थोडी नसते. त्यामुळेच हृदयाच्या सीटी स्कॅनला, म्हणजेच सीटी करोनरी अँजिओग्राफीला महत्त्व आले आहे.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. सतत धडधडणाऱ्या हृदयाची स्पष्ट प्रतिमा मिळण्यास मात्र पुढे तीन दशके लागली. २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आली आणि ही तपासणी व्यवहारात उतरली. ठोक्यांमधील क्षणभराच्या विसाव्यात, ईसीजीशी मेळ साधून, या प्रतिमा घेतल्या जातात. त्यासाठी नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते ६५ पर्यंत असणे इष्ट असते. गरजेप्रमाणे ते कमी करण्याचे औषध दिले जाते. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडून रुग्णाला काही सेकंद श्वास रोखण्यास सांगतात.

नेहमीच्या अँजिओग्राफीत मनगट किंवा जांघेतील धमनीतून नळी हृदयापर्यंत नेतात व रक्तवाहिनीचा आतील मार्ग पाहतात. सीटी स्कॅनमध्ये वाहिनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थरही दिसतो. मार्ग अद्याप अरुंद झालेला नसतानाच रोगाची चाहूल लागते, हा याचा मोठा लाभ होय.

स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना सीटीची जोड मिळालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. पाच वर्षांअखेर दोन्ही गटांतील अँजिओप्लास्टी व बायपासचे प्रमाण जवळपास सारखेच होते. वेळीच सुरू झालेल्या प्रतिबंधक औषधांमुळे हा फरक पडला असावा, असे मानले जाते. छातीदुखीच्या नव्या रुग्णांसाठी सीटी ही पहिली तपासणी असावी, अशी शिफारस ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच केली होती.

या तपासणीला मर्यादाही आहेत. वाहिन्यांत कॅल्शियम फार साचले असल्यास अडथळा प्रत्यक्षाहून मोठा भासतो. ठोके अनियमित असल्यास प्रतिमा पुसट येते. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनयुक्त द्रव्याची अ‍ॅलर्जी किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे. किरणोत्सर्ग होत असल्याने कोणताही त्रास नसताना, केवळ कुतूहलापोटी हा स्कॅन करून घेऊ नये. शिवाय गंभीर अडथळा आढळल्यास नळीची अँजिओग्राफी टळत नाही, कारण अँजिओप्लास्टी त्याच मार्गाने होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, झटक्याची लक्षणे दिसत असताना सीटी स्कॅनची वाट पाहणे धोक्याचे ठरते. छातीवर दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळचे रुग्णालय गाठावे. तेथे तातडीने ईसीजी काढणे आवश्यक असते. अँजिओप्लास्टीची सोय दूर असेल, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांत, व शक्य तितक्या लवकर, मिळाल्यास जीव वाचू शकतो. सीटी स्कॅनचा खरा उपयोग त्याआधीचा आहे : कोणाला घाट ओलांडावा लागेल आणि कोणाला औषध व पथ्य पुरेसे आहे, हे वेळेवर ठरविण्याचा.