बाळुती, कालवा आणि जड पाणी
पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत मोडत असल्याने तेथे बाळुती, म्हणजे जुन्या लुगड्याच्या वा धोतराच्या मऊ सुती तुकड्यांचे लंगोट, स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न मुळात पाण्याचाच होता. १८७६-७८च्या दुष्काळानंतर, १८८५ साली, नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पाण्याची ओढ कमी झाली. परंतु अतिसिंचनाने जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, होऊ लागल्या आणि १९१० मध्ये कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. तान्ह्या मुलांच्या कातडीची नोंद मात्र सरकारी दप्तरे सहसा ठेवीत नाहीत. पण अशा भागातील क्षारयुक्त जड पाण्यात साबणाचा फेस न होता साका बनतो, तो धाग्यांत राहून कापड ताठ होते, आणि मूत्राने ओली राहिलेली नाजूक त्वचा त्यावर घासली की लाल चट्टे उठतात. त्यामुळे बाळुती दोनदा खळबळणे, कडक उन्हात वाळवणे, बाळाला काही वेळ उघडे ठेवणे आणि जांघेत खोबरेल लावणे या रीती सयुक्तिकच ठरतात. धुण्यासाठी वापरली जाणारी राख मात्र स्वतःच अल्कधर्मी असल्याने, ती नीट न निघाल्यास, पुरळ वाढवीतच असणार.