हस्तगत शस्त्रांच्या बातम्या आणि त्यांची पडताळणी : सीरिया व इराक, २०१३ ते २०१७

यादवी युद्धात शस्त्र कोठून आले असे विचारले, तर लढणाऱ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळते : शत्रूकडून हिसकावले. हे उत्तर सर्वांच्याच सोयीचे असते. हिसकावणाऱ्याचे शौर्य दिसते आणि पुरवणारा नामानिराळा राहतो. म्हणून 'हस्तगत शस्त्रे' हा शब्दप्रयोग अभ्यासकाने पुरावा न मानता एक दावा मानावा.

सीरियात २०११ साली सुरू झालेल्या संघर्षाचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०१३ च्या सुमारास दरआ भागातील बंडखोरांच्या चित्रफितींत युगोस्लाव्ह बनावटीची शस्त्रे दिसू लागली. एम-७९ 'ओसा' रॉकेट लाँचर आणि एम-६० ही चाकांच्या गाड्यावर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ ही त्यांतील ठळक. इंग्लंडमधील लेस्टर येथे घरी बसून एलियट हिगिन्स या फिती रोज पाहत होते. त्यांना ना अरबी येत होते, ना लष्कराचा अनुभव होता. त्यांची रीत मात्र कोणत्याही दफ्तरखान्यात शोभेल अशी होती : प्रत्येक फितीची तारीख, ठिकाण व गट यांची नोंद करायची आणि शस्त्राची ठेवण संदर्भग्रंथातील चित्राशी ताडून पाहायची. सीरियन सैन्याचा साठा मुख्यतः सोव्हिएत-रशियन बनावटीचा; त्यात ही शस्त्रे असल्याची नोंद नव्हती. मग सरकारी छावणी लुटून ती मिळाली, हे पटणार कसे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली, की सौदी अरेबियाच्या पैशाने क्रोएशियातून ही खरेदी झाली. क्रोएशियाने इन्कार केला. त्याच सुमारास झाग्रेब विमानतळावर जॉर्डनची मालवाहू विमाने दिसल्याचे तेथील वृत्तपत्राने छापले होते. येथे एक भेद विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा. चित्रफितीने शस्त्राची जात सांगितली. पैसे कोणी दिले हे ती सांगू शकत नव्हती. त्यासाठी वेगळ्या जातीचे साधन लागले.

पण प्रत्येक वेळी दावा खोटाच ठरतो असेही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये कोबानी शहरात वेढल्या गेलेल्या कुर्दांसाठी अमेरिकी विमानांनी शस्त्रे व औषधांचे २८ गठ्ठे पॅराशूटने टाकले. एक भरकटला, तो हवाई हल्ल्यात नष्ट केला, असे अमेरिकेने सांगितले. लगेच आयसिसने हातबॉम्बांनी भरलेल्या पेट्यांची चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रचारपट म्हणून ती बाजूला सारणे सोपे होते. दोनच दिवसांत पेंटागॉनला मान्य करावे लागले, की गठ्ठे दोन भरकटले होते आणि त्यांपैकी एक शत्रूच्या हाती पडला.

आकड्यांची गोष्ट आणखी निराळी. जून २०१४ मध्ये मोसूल पडले तेव्हा २,३०० हम्वी गाड्या गमावल्याचे इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी २०१५ मध्ये सांगितले. हा गमावणाऱ्याचा आकडा आहे. त्यांतील किती गाड्या चालत्या होत्या, किती जळाल्या, हे त्यातून कळत नाही. तरीही अनेक लेखांत तो 'आयसिसकडील गाड्या' म्हणून उतरला आहे.

सर्वांत चिकाटीचे काम 'कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च' या संस्थेचे. तिच्या पथकांनी जुलै २०१४ ते नोव्हेंबर २०१७ या काळात आयसिसकडून परत मिळालेल्या ४०,००० हून अधिक वस्तू आघाडीवर जाऊन स्वतः हाताळल्या. त्यांवरील अनुक्रमांक व कारखान्याच्या खुणा टिपल्या आणि त्या त्या देशांना पत्रे पाठवून मूळ विक्रीची विचारणा केली. मोठा वाटा चीन, रशिया व पूर्व युरोपच्या मालाचा निघाला. एक रणगाडाविरोधी अस्त्र युरोपीय संघातील कारखान्यातून अमेरिकेला विकले गेले, सीरियातील एका गटाकडे पोहोचले आणि कारखाना सोडल्यापासून दोन महिन्यांच्या आत इराकमध्ये आयसिसकडे सापडले. या प्रवासाची दोन्ही टोके कागदपत्रे व क्रमांकांनी पक्की होतात. मधल्या टप्प्यावर ते विकले गेले, दिले गेले की खरोखरच हिसकावले गेले, हे त्या क्रमांकावर कोरलेले नसते.