गार्सिया द ओर्ताचा ग्रंथसंग्रह

गार्सिया द ओर्ता (सु. १५०१–१५६८) हा गोव्यात चौतीस वर्षे वैद्यकी करणारा पोर्तुगीज वैद्य व औषधिद्रव्यांचा अभ्यासक. सोळाव्या शतकातील यूरोपीय वैद्याजवळ कोणते ग्रंथ असत आणि भारतात आल्यावर ते त्याला कितपत उपयोगी पडत, या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याविषयी काहीशा तपशिलाने देता येते, अशा मोजक्या व्यक्तींत त्याची गणना होते.

पोर्तुगालच्या सीमेवरील कास्तेलु द व्हीद या गावी, सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्या ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकल्यावर त्याने काही काळ लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. मार्च १५३४ मध्ये मार्तीं आफोन्सु द सोझा याच्या आरमाराबरोबर तो निघाला व सप्टेंबरात गोव्यास पोहोचला. पुढे तो गोव्याच्या गव्हर्नरांचा व व्हाइसरॉयांचा वैद्य झाला. मुंबई बेटही त्याला पट्ट्याने मिळाले होते. तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे येतात, असे त्याने मोठ्या कौतुकाने नमूद केले आहे.

त्याच्या संग्रहाचा पुरावा म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला ग्रंथ. ‘भारतातील साध्या औषधींविषयीचे व द्रव्यांविषयीचे संवाद’ अशा आशयाच्या नावाचे हे पोर्तुगीज पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाले. गोव्यात छपाई १५५६ मध्ये सुरू झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील मुद्रणदोषांचे व लांबलचक शुद्धिपत्राचे नवल वाटत नाही. सालामांकाहून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित वैद्य ग्रंथांतील वचने पुढे करतो आणि ओर्ता स्वतःच्याच नावाने त्याला उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. वादाचा प्रसंग आला की जुन्या ग्रंथांचे दाखले निघतात आणि प्रत्यक्ष द्रव्य दाखवायचे झाले की दासी आंतोनिया हिला हाक मारली जाते. डायोस्कोरिडीझ, प्लिनी, गेलेन, सेरापिओन, मेस्युए हे जुने ग्रंथकार तर यात आहेतच. शिवाय रुएल, माट्टिओली, लागुना हे समकालीनही आहेत. लागुनाचे डायोस्कोरिडीझवरील भाष्य १५५५ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाले. ते आठ वर्षांच्या आत गोव्यात वापरले जात होते. लिस्बनहून गोव्यास यायला सहा महिने लागत, आणि कोकणच्या दमट हवेत वाळवीपासून कागद राखणे किती कठीण, हे येथील वाचकांस सांगायला नको.

पण ग्रंथ जवळ असणे वेगळे आणि त्यांची पारख करता येणे वेगळे. वंशलोचनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इब्न सीना याच्या ‘कानून’ या अरबी ग्रंथात ‘तबाशीर’ नावाचे औषध येते. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने लॅटिन भाषांतर करताना त्याच्या जागी ‘स्पोडियम’ हा शब्द घातला. हा मुळात धातूच्या भट्टीतील राखेचा वाचक. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या यूरोपातील वैद्य भलतेच द्रव्य देत राहिले. तबाशीर हे बांबूच्या पेरांत साठणारे द्रव्य असून येथे त्याला ‘सक्कर मांबू’ म्हणतात, असे ओर्ताने स्पष्ट केले. दमास्कसला राहून अरबी शिकलेल्या आंद्रेआ आल्पागो याने सुधारलेली इब्न सीनाची लॅटिन आवृत्ती १५२७ मध्ये व्हेनिस येथे निघाली होती. आल्पागोचा आधार ओर्ता वारंवार घेतो. भाषांतरे किती फसवी असतात, याची जाण त्याला होती. स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, असेही तो मोकळेपणाने सांगतो.

अरबी वैद्यकाशी त्याचा जिवंत संबंध आला तो अहमदनगरच्या दरबारात. पहिला बुऱ्हाण निजामशाह (मृ. १५५३) याच्यावर उपचार करण्यासाठी तो अनेकदा तिकडे गेला. या घराण्याचा मूळ पुरुष सध्याच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी कुटुंबातला, असे फिरिश्ता सांगतो. पाथरीसाठी बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाही दिला. निजामशाह आपल्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवत असू, असे ओर्ता लिहितो. ज्या ग्रंथकारांना तो लॅटिनमधून वाचत आला होता, त्यांचीच परंपरा येथे अरबी-फार्सीतून चालू होती.

भारतीय वैद्यकाच्या बाबतीत मात्र त्याचे कपाट रिकामे होते. संस्कृत वैद्यकाचा एकही ग्रंथ त्याने वाचल्याचे दिसत नाही. गोव्याच्या मालुपा या हिंदू वैद्याला तो विचारी, बाजारात चौकशी करी आणि येथील वैद्य केवळ अनुभवाने व वहिवाटीने उपचार करतात, असा निर्वाळा देई. हा निर्वाळा अन्यायकारक आहे. चरक-सुश्रुतांची परंपरा त्याच्या कक्षेबाहेर राहिली, एवढाच त्याचा अर्थ. तथापि ग्रंथ नसल्यामुळे त्याला कान उघडे ठेवावे लागले, आणि त्याचा लाभ आपल्याला झाला. पटकीचे त्याने केलेले वर्णन यूरोपीय वैद्याने केलेल्या आरंभीच्या वर्णनांपैकी आहे. रोगाचे देशी नाव तो ‘मोर्शी’ असे देतो आणि पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, असे सांगतो. हा आपला ‘मोडशी’ शब्द होय. फ्रेंचांनी पुढे त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे रूप बनविले.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोव्याचा धर्मन्यायाधीश आलेशु दियश फाल्कांव याची संमती छापलेली आहे. गोव्यात धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) १५६० मध्ये आले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारीना हिला ऑक्टोबर १५६९ मध्ये गोव्यात जाळण्यात आले. तिच्या जबानीत भावाचेही नाव आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली.

पुस्तक मात्र त्यापूर्वीच यूरोपात पोहोचले होते. वनस्पतिविद्यावेत्ता क्लूसियस याला १५६४–६५ च्या प्रवासात त्याची एक प्रत मिळाली. तीवरून त्याने लॅटिन संक्षेप केला व तो १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांतँ मुद्रणालयाने छापला. संवाद, आंतोनिया व निजामशाहाच्या गोष्टी त्याने गाळल्या. औषधांची माहिती तेवढी ठेवली. यूरोपातील बहुतेक वैद्यांनी ओर्ता वाचला तो या रूपात. क्लूसियसने समासात टिपणे केलेली मूळ प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.