स्विंगवाले मुक्कामाला कुठे?

स्विंग म्हटलं की डोळ्यांसमोर चकचकीत सूट, पितळी वाद्यं आणि नाचणारी गर्दी येते. आम्हा आयटीवाल्यांना ऑनसाइटला पाठवताना हॉटेल आधी बुक होतं, त्यामुळे असेल, मला पहिला प्रश्न पडला: कार्यक्रम संपल्यावर ही मंडळी झोपायची कुठे?

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या वादकांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. १९३०च्या दशकात ड्यूक एलिंग्टनच्या बँडने यावर नामी तोड काढली: झोपायची सोय असलेले पुलमन डबेच भाड्याने घ्यायचे! स्टेशनात डबे बाजूला लावले की तिथेच राहायचं. पण हे परवडायला एलिंग्टन असावं लागतं. बाकीचे बसमध्ये पेंगत, नाहीतर काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी उतरत.

बिली हॉलिडेचं तर विचारूच नका. १९३७मध्ये काउंट बेसीच्या बँडबरोबर ती डेट्रॉइटला गेली. तिथे ती म्हणे फारच उजळ दिसत होती. लोक गोरी समजतील म्हणून तिला चेहरा काळा रंगवायला लावला. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं ही शिक्षा, इथे ती नोकरीची अट! १९३८मध्ये ती आर्टी शॉच्या गोऱ्या बँडमध्ये गेली, तर न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टने ये-जा करायला सांगितलं. दक्षिण सोडा, हे खुद्द न्यूयॉर्क बरं का! थोड्याच दिवसांत तिने शॉचा बँड सोडला.

डिसेंबर १९३८मध्ये त्याच शहरात कॅफे सोसायटी उघडलं. तिथे काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसत, आणि समोर गायला होती बिली.